उरलेले बावीस हप्ते

६ नोव्हेंबर, गुरुवार

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ह्यांना फळ्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर वाचायला सांगितलं. हे म्हणाले, "कोनता फळा?"

त्यानंतर तपासण्यासारखं फार उरलंच नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, शिवाय साखरेनं आतला पडदाही खराब केलाय. मोतीबिंदू काढता येईल, पडद्याचं सांगता येत नाही. गाडी चालवायची नाही. हे शेवटचं डॉक्टरांनी तीनदा सांगितलं — एकदा ह्यांच्याकडे बघून, दोनदा माझ्याकडे बघून.

आमचं घर म्हणजे मुळातच गंमत. हे छत्तीस वर्षं बुलढाणा-धाड लाइनवर काळी-पिवळी जीप चालवतात आणि मी एकतीस वर्षं एसटीची कंडक्टर. मी बस फलाटाला लावायची, आणि गेटबाहेर उभे राहून हे माझेच पॅसेंजर पळवायचे. दिवसभर दुश्मन, संध्याकाळी एका पोळपाटाच्या पोळ्या. शेवटची दोन वर्षं मला लांब पल्ल्याची ड्युटी लागली म्हणून भांडण थांबलं, नाहीतर अजून चाललंच असतं. मे महिन्यात मी रिटायर झाले. हे व्हायला तयार नाहीत. वय सहासष्ट.

रिक्षात विचारलं, आता काय ठरवलंत? म्हणाले, "गाडीचं कर्ज फिटलं का त्या दिवशी किल्ली खुंटीले. वचन देतो तुले."

बावीस हप्ते उरलेत. दोन वर्षांना दोन महिने कमी! तोवर फळा न दिसणारा माणूस दहा माणसं घेऊन धाडच्या वळणांवरून जाणार.

मला भीती वाटते. कोणाला दाखवत नाही, इथं लिहिते. संध्याकाळी साडेसात वाजले, ह्यांची यायची वेळ झाली की मी भाजी ढवळायची विसरते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ठरलं. ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत नुसते पडून आहेत. कर्ज आत्ताच फेडून टाकायचं. हप्ता ११,६७३. गुणिले बावीस — २,५६,८०६. दोनदा गुणलं. हिशोब पक्का.

जेवताना ह्यांना सांगितलं. घास घशात अडकला. पाणी दिलं, पाठीत दोन रट्टे दिले.

"काऊन एवढी घाई? हप्ते चालून राह्यले ना बराबर."

ते मात्र खरं. कर्जाला जामीन मी आहे, म्हणून ह्यांचं बँकेचं पासबुक काढून बघितलं. वर्षभर दर महिन्याच्या तीन तारखेला रोख भरणा, पाचला हप्ता वजा. एकही चुकलेला नाही. हा माणूस एवढा शिस्तीचा कधी झाला? पूर्वी सातव्या-आठव्या तारखेपर्यंत मीच पैसे टाकायची आणि घरात दोन दिवस बोलणं बंद असायचं. म्हातारपणी माणसं सुधारतात म्हणायची.

१० नोव्हेंबर, सोमवार

फायनान्सवाल्यांच्या ऑफिसात गेलो. हे माझ्यामागं असे चालत होते जसं काही मी त्यांना पोलीस ठाण्यात नेतेय.

काउंटरवर वैष्णवी नावाची मुलगी. हुशार आहे, पण फार भरभर बोलते. मी ऐटीत सांगितलं, दोन लाख छप्पन हजार आठशे सहा भरायचेत, पावती फाडा.

ती हसली. "काकू, एवढे नाही लागणार. बावीस हप्त्यांत पुढच्या बावीस महिन्यांचं व्याज धरलेलं आहे. तुम्ही आज फेडताय तर ते पुढचं व्याज कशाला द्याल?"

मला ही मुलगी एकदम आवडायला लागली. म्हटलं, मग किती? तिनं स्क्रीन बघितली. मूळ रक्कम बाकी दोन लाख एकवीस हजार तीनशे एक. म्हणजे पस्तीस हजार वाचले! मी लगेच चेकबुक काढलं.

"थांबा काकू, एवढ्यावर पण नाही बंद होणार."

आवड थोडी कमी झाली. म्हणाली, वर आणखी काही रकमा लागतात, त्या सगळ्या धरून एक पत्र निघतं, हेड ऑफिसातून चार दिवसांत येतं, आणि खातं बंद होतं ते त्या पत्रातल्या आकड्यानंच. घरी केलेल्या हिशोबानं नाही, स्क्रीनवरच्या आकड्यानंही नाही.

अर्जावर ह्यांची सही हवी होती. सही कागदावर सुरू झाली आणि टेबलाच्या काचेवर संपली. वैष्णवीनं दुसरा कागद दिला आणि बोट ठेवून जागा दाखवली.

निघताना हे तिला हळूच म्हणाले, "मॅडम, पत्र जरा उशिरानं आलं तरी चालते."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पत्र आलं. चष्मा लावून तिकिटाचा टप्पा-तक्ता वाचावा तसं वाचलं.

मूळ बाकी २,२१,३०१. पाच तारखेपासून वीस तारखेपर्यंतचं व्याज १,४५५. मुदतीआधी फेडतो म्हणून आकार चार टक्के, ८,८५२. त्या आकारावर जीएसटी १,५९३. आणि कधीतरी एक हप्ता परत गेला होता त्याचे ५९०. एकूण २,३३,७९१. खाली ठळक अक्षरात — ही रक्कम २० नोव्हेंबरपर्यंतच ग्राह्य.

पत्र आणि ह्यांना घेऊन तडक ऑफिसात. एकतीस वर्षं रोज तिकिटांचं वेबिल जुळवून डेपोत कॅश भरली आहे मी, एक रुपया कमी आला तर खिशातून घातलाय. ज्या रकमेचं कारण कळत नाही ती मी देत नाही.

व्याज का? वैष्णवी म्हणाली, शेवटचा हप्ता पाचला भरला, त्यानंतर रोजचं व्याज चालूच आहे. दिवसाला सत्त्याण्णव रुपये.

"झोपलो तरी?" हे इतक्या वेळात पहिल्यांदा बोलले.

"झोपलात तरी, काका."

चार टक्के का? "तुम्ही लवकर फेडताय, कंपनीचं पुढचं व्याज बुडतं. करारात आहे, पान सातवर." पान सात काढलं. आहे खरंच. खाली जामीनदार म्हणून माझी सही, चांगली ठसठशीत.

आमच्या एसटीत धाडचं तिकीट काढून कोणी आधीच उतरला तर मी पैसे परत देत नव्हते हे कबूल. पण लवकर उतरलास म्हणून दंड भर, असं कधी कोणाला म्हटलं नाही! वैष्णवीला हे बोलले. तिनं मान्य केलं आणि आकडा तोच ठेवला.

तरी सगळं धरून तेवीस हजार वाचतात. आणि वाचले नसते तरी भरलेच असते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ह्यांचा शर्ट धुवायला काढला, खिशात धाड-बुलढाणा अर्धं तिकीट! एसटीचं! छत्तीस वर्षांत ह्या माणसानं लाल गाडीत पाय ठेवला नव्हता. विचारलं तर म्हणे, "गाडी पंचर होती. जुनेदकडं टाकली अन् आलो बसनं." जुनेद आणि त्याचा भाऊ आसिम यांचं धाड रोडला पंक्चरचं दुकान आहे. आमच्या गल्लीत पाइपलाइनसाठी वर्षभर खणून ठेवलंय, म्हणून जीप त्यांच्याच दुकानापुढं उभी असते.

सीट कशी वाटली विचारलं. म्हणाले, "बरी हाय." मी दिवसभर खूश.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज पैसे भरायचे होते. हे सकाळपासून माझ्या मागेपुढे. मी कणीक मळतेय तर तिथं, मी कपडे वाळत घालतेय तर तिथं.

"अवं, एक गोष्ट सांगाची होती तुले."

म्हटलं, सांगा.

"ते गाडीचं... म्हंजे मागं असं झालं का..."

मी म्हटलं, छत्तीस वर्षांची सवय आहे, सोडवत नाही, कळतं मला. मी रिटायर झाले तेव्हा महिनाभर पहाटे साडेचारला उठून बॅग शोधत होते. होतं तसं. आपण दोघं मिळून काहीतरी करू. संध्याकाळी मैदानावर फिरायला जाऊ.

"तसं नाई वं—"

तसंच असतं, मी म्हटलं. आणि त्यांचे डोळे भरून आले, तेव्हा मी चेकबुक परत कपाटात ठेवलं. आजचं भरणं राहिलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज डोकं दुखतंय म्हणाले. काल पोट होतं. ऑफिसात कर्जदार हजर लागतो असं ह्यांचं म्हणणं. वैष्णवीला फोन केला. म्हणाली, नाही लागत काकू, बँकेतून पाठवा, फक्त उद्यापर्यंत पाठवा.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी चेकबुक घेऊन निघाले तर हे दारात आडवे. "आज अमावस्या हाय."

मी अमावस्येला कधी ड्युटी चुकवली नाही. पण पैसे गाडीचे, गाडी ह्यांची, आणि डोळे असे. मनात आलं, उगाच कशाला? थांबले. नंतर स्वतःचाच राग आला. कंपनीचं व्याज अमावस्येला थांबतं का? सत्त्याण्णव रुपये गेले, आणि पत्राची मुदतही.

ह्यांचं डोकं मात्र दुपारपर्यंत उतरलं. जेवले नीट.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

भरले!

वैष्णवीकडून नवा आकडा घेतला — २,३३,८८८. बँकेत फॉर्म भरताना हात सवयीनं चालला आणि मी सरळ २,३४,००० लिहिले. आठशे अठ्ठ्याऐंशी कसले लिहीत बसायचं? वरचे एकशे बारा परत देतील की. सुट्टे नंतर घेता येतात.

हे बाहेर बाकावर बसले होते. म्हटलं, झालं बघा. त्यांनी माझा हात धरला. भर रस्त्यावर, चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"पुष्पा, तू लय चांगली हायेस," म्हणाले. "पन तू मानसाले बोलू देत नाईस."

मी म्हटलं, ते घरी बोला, आधी भाजी घ्यायचीय.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

खातं बंद झालं नाही!

वैष्णवी डोक्याला हात लावून बसली होती. "काकू, एकशे बारा रुपये जास्त का पाठवलेत?"

म्हटलं, सुट्टे नव्हते... म्हणजे, परत द्या ना.

"तसं नाही होत. खात्यात एक रुपया कमी आला तरी खातं उघडं राहतं आणि जास्त आला तरी उघडं राहतं. बाकी शून्य झाली पाहिजे. आता आधी तुमच्या जादा रकमेचा परतावा मंजूर होणार, तो तुमच्या खात्यात जाणार, मग बंद." आणि बाकी शून्य झाल्याशिवाय ना-हरकत पत्र नाही. ते पत्र आणि पस्तीस नंबरचा फॉर्म आरटीओत दिल्याशिवाय आरसी बुकावरचं कंपनीचं नाव निघत नाही.

म्हणजे सव्वादोन लाखांचं कर्ज फिटलं, ते एकशे बारा रुपयांनी अडलं. ते एकशे बाराही माझेच! एकतीस वर्षं मी लोकांना तिकिटाच्या मागं आकडा लिहून सांगितलं, उरलेले उतरताना घ्या. किती जण न घेताच उतरले असतील. आज त्यांच्यातल्या कोणीतरी देवाजवळ माझं नाव घेतलं असणार.

बरं झालं, पुढच्या हप्त्याचं आपोआप कापणं तिनं थांबवून ठेवलं. नाहीतर पाचला आणखी अकरा हजार गेले असते आणि तेही परत मागत बसावं लागलं असतं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, खातं अजून उघडं आहे. चेहरा असा फुलला! हा माणूस मला कळत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

एकशे बारा रुपये खात्यात आले. बँकेचा मेसेज जपून ठेवलाय.

२ डिसेंबर, मंगळवार

ना-हरकत पत्र मिळालं. कागद हातात घेतला आणि दोनदा वाचला. ऑगस्टमध्ये ह्यांनी दुधाचं पातेलं गॅसच्या बाजूला ठेवलं होतं, ओट्यावर, गॅस पेटवून. तेव्हापासून जिवाला घोर होता. आता हा माणूस घरी राहील. चिडेल, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवेल, टीव्हीचा आवाज वाढवेल. पण राहील.

वैष्णवीला पेढे दिले. ती म्हणाली, "काकू, एवढे प्रश्न आजपर्यंत कोणी विचारले नव्हते. मलाच पान सात पहिल्यांदा वाचावं लागलं."

संध्याकाळी शिरा केला. खुंटी पुसून ठेवली. ह्यांना म्हटलं, आणा किल्ली.

"किल्ली जुनेदकडं हाय."

उद्या आणा, म्हटलं.

शिऱ्यात नुसता चमचा फिरवत बसले. मग म्हणाले, "पुष्पा, उद्या जुनेद येईन घरी. तो सांगते तुले सारं. त्याचं तरी आयकून घे पुरं."

३ डिसेंबर, बुधवार

सकाळी जुनेद आला. तो दिसताच हे बाथरूममध्ये गेले आणि कडी लावली.

जुनेदनं रबर लावलेल्या नोटा माझ्या हातात दिल्या. "काकू, या महिन्याचा हप्ता. काका घेऊनच नाई राह्यले. म्हनतात काकूले दे."

कसला हप्ता?

"गाडीचा. मागच्या सालच्या दसऱ्यापासून मीच भरून राह्यलो ना. पंचरचं दुकान आता आसिम पाह्यते. काकांची नजर गेली, त्यायनं गाडी मले देल्ली. साठ हजार वरून घेतले, अन् उरलेले हप्ते मी भराचे, फिटले का गाडी माह्या नावावर, असं ठरलं आमचं. काका धाडच्या स्टँडवर बसून माह्या गाडीले पॅसेंजर बोलावतात, मी रोजचे दोनशे देतो त्यायले. आवाज अजून खणखणीत हाय. मले वाटलं, तुमाले माहीत हाय."

साठ हजार. मागच्या वर्षीच्या दिवाळीला 'सीझन चांगला गेला' म्हणून हातात दिले होते, त्याचा फ्रिज जुनेदच्या पाठीमागं उभा होता.

म्हणजे दसऱ्यापासून ह्यांनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. ज्यासाठी मी ग्रॅच्युइटी मोडली, ते मला वर्षापूर्वीच मिळालं होतं. मी दारातच बसले. रडू आलं. राग होता की जीव सुटल्यासारखं झालं, ठरवता येईना. बाथरूममधून पाण्याचा आवाज बंद झाला, पण कडी निघाली नाही.

जुनेद जाईना. चप्पल पायात घातली, परत काढली. मग म्हणाला,

"काकू, आता कंपनी तर गेली. मंग उरलेले एकवीस तुमालेच देत जाऊ ना? अन् समजा मी एकदम देऊन टाकले — तर किती बसतील?"